पावसाळी बंदीत बोटीच्या बॅटरीचं काय करायचं?

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. गोव्यातल्या मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा इथल्या धक्क्यांवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. फायबरच्या होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली जातात. खलाशी आपापल्या गावी निघतात. जाळी धुऊन, सुकवून, उसवलेली शिवून ठेवली जातात, आऊटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुतलं जातं, बुडाला रंग लागतो. बॅटरी मात्र पुष्कळदा होती तिथेच, तारा जोडलेल्या अवस्थेत राहते. मग ऑगस्ट उजाडतो, कोणीतरी चावी फिरवतं, स्टार्टरकडून नुसता टकटक आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बॅटरी म्हातारी झाली. माझं मत वेगळं आहे. अशा अनेक बॅटऱ्यांचं वय झालेलं नसतं. त्या बंदीच्या दोन महिन्यांतच खराब होतात, आणि ते टाळता येतं.

बोटीची बॅटरी बंद हंगामात कशी ठेवावी याची बहुतेक पुस्तकी माहिती थंड देशांतून आलेली आहे. तिथे ऑक्टोबरच्या सुमारास बोटी पाण्याबाहेर काढतात आणि वसंतात परत सोडतात. त्यांना धास्ती असते गोठण्याची. उतरलेल्या बॅटरीत आम्ल जवळजवळ पाण्याइतकं पातळ होतं, ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि खोकं फुटतं. आपल्याला ही भीती नाही. पण त्यांना थंडीचा एक मोठा फायदा मिळतो, तो आपल्याला मिळत नाही. न वापरता ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे ५ अंशांच्या गारठ्यातल्या गॅरेजपेक्षा २८ अंशांच्या आपल्या पावसाळ्यात तो सुमारे पाचपट असतो. आपले ६१ दिवस हे त्यांच्या थंडीतल्या दहा महिन्यांइतके भरतात. बंदी दोनच महिन्यांची आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. डॉल्फिन दाखवणाऱ्या आणि जलक्रीडेच्या बोटी तर सप्टेंबरपर्यंत बांधलेल्या असतात.

आता आतमध्ये काय चालतं ते पाहू. शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. एका पट्टीवर सच्छिद्र शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल. वीज बाहेर जाताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं, आम्ल खर्ची पडतं आणि पाणी वाढतं. चार्ज करताना सल्फेट पुन्हा आम्लात परततं. गंमत अशी, की तारा काढून ठेवल्या तरी ही क्रिया पूर्ण थांबत नाही. जुन्या धाटणीच्या बॅटऱ्यांत शिशाची जाळी कडक व्हावी म्हणून अँटिमनी मिसळतात. हे अँटिमनी हळूहळू सुटून ऋण पट्टीवर जाऊन बसतं, तिथे हायड्रोजन सुटणं सोपं करतं आणि शिसं आपसूक सल्फेट होत जातं. अशी बॅटरी आपल्या हवेत महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून जास्तही उतरते. कॅल्शियम मिसळलेल्या, ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत हे प्रमाण बरंच कमी असतं.

नुसतं उतरणं एवढंच असतं तर परत चार्ज करून भागलं असतं. खरं नुकसान सल्फेटच्या स्फटिकांमुळे होतं. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, चार्जरने सहज मोडतं. तेच आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर बारीक कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात, पाकात दोरा सोडून ठेवला की खडीसाखर वाढत जाते तसे. मोठ्या स्फटिकांचा पृष्ठभाग कमी आणि ते वीजही वाहू देत नाहीत, म्हणून चार्जर लावला तरी ते पुरते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच बॅटरी ‘सल्फेट होणं’ म्हणतात. ऊब जितकी जास्त, तितकी ही वाढ जलद. म्हणून शिशाच्या बॅटरीचा पहिला नियम एकच: ठेवायची ती पूर्ण भरून. ‘बंदी संपली की चार्ज करू’ हे म्हणणं तिच्या बाबतीत फार महाग पडतं.

पूर्ण भरली की नाही हे मल्टिमीटरवर कळतं, पण चार्जर काढल्या काढल्या मोजू नये. काही तास, जमल्यास रात्रभर थांबावं, नाहीतर खोटा फुगलेला आकडा दिसतो. विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ वर आली की चार्जरला लावायला उशीर करू नये. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, अधिक खरं सांगतो, कारण सहाही कप्पे वेगवेगळे मोजता येतात. पाच कप्पे ठीक आणि एक मागे, हे व्होल्टमीटर स्पष्ट दाखवत नाही.

आता तारा जोडलेल्याच राहिल्या तर काय होतं? जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, म्युझिक सिस्टिम, यांतलं काही ना काही बंद असूनही थोडी वीज पीत असतं. सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरा, म्हणजे एवढं की कोणाच्या लक्षातही येणार नाही. ६१ दिवसांचे १४६४ तास होतात, आणि तेवढ्या वेळात ही धार ४४ अँपिअर-तास रिकामे करते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत स्वतःहून उतरण्याचे २० त्यात मिळवा. भरून ठेवलेली बॅटरीही तिसऱ्या हिश्शावर येते. मेअखेर ती थोडी अपुरीच भरलेली असेल, तर जुलै संपेपर्यंत तिच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून तारा काढायच्या. आधी ऋण, मग धन. कारण धन बाजूची तार सोडवताना पाना इंजिनाला टेकला आणि ऋण तार अजून जोडलेली असली, तर सरळ शॉर्ट होतो.

पण पाण्यात उभ्या असलेल्या बोटीला हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा हिस्सा जून-जुलैत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर. दहा चौरस मीटर उघड्या भागावर महिन्यात ९०० मिलिमीटर पडले तर नऊ हजार लिटर पाणी बोटीत येणार. ते बाहेर टाकणारा बिल्ज पंप याच बॅटरीवर चालतो. तार काढली तर बोट भरेल, ठेवली तर बॅटरी बसेल. अशा बोटीवर माझ्या मते छोटं सौर पॅनल हाच योग्य उपाय. पंप आणि स्वतःहून उतरणं मिळून दिवसाला सुमारे १२ वॉट-तास लागतात असं धरू. २० वॉटच्या पॅनलला ढगाळ दिवसांत दोन तासांच्या कडक उन्हाइतकाच उजेड मिळाला तरी ४० वॉट-तास होतात, आणि निम्मे वाया गेले तरी पुरून उरतात. सोबत चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू न देणारं यंत्र, मात्र हवाच. वाळूवर ओढलेल्या होडीला याची गरज नाही. तिचं बुडाचं बूच उघडून पाणी वाहू द्यावं आणि बॅटरी घरी आणावी.

घरी आणल्यावर आधी ती धुवावी. समुद्राच्या हवेतलं मीठ खोक्यावर बसलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं, आणि आपल्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे जूनमध्ये बसलेला खारट थर ऑगस्टपर्यंत पुरता सुकतच नाही. दोन टर्मिनलांमधला तो ओला थर वीज वाहून नेतो. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलला आणि दुसरी खोक्याच्या वरच्या प्लॅस्टिकला लावून पाहा. मळलेल्या बॅटरीवर आकडा दिसतो. झाकणं घट्ट बसवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचे डाग पुसावेत, गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड ब्रशने काढावी आणि पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. खोबरेल तेलाचा मोह आवरावा. ते २४-२५ अंशांच्या वर पातळ राहतं, त्यामुळे ओघळून जातं.

पाण्याची पातळी पाहताना फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावं, हे सगळेच सांगतात. कारण क्वचितच सांगितलं जातं. आपली जमीन जांभ्या दगडाची, आणि जांभा लोहाने भरलेला. त्यातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं. लोहाचा अणू एका पट्टीकडे जाऊन इलेक्ट्रॉन देतो, दुसरीकडे जाऊन घेतो, पुन्हा परततो. थोडंसं लोहही असं न थांबता येरझाऱ्या घालत राहतं आणि बॅटरी आतल्या आत उतरवतं. पागोळ्यांचं पाणीही नको, कारण कौलांवरची धूळ आणि किनाऱ्यावरचं मीठ त्यात उतरतं. आणि बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं असेल तर ती चार्ज करूच नये. मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन वायू सुटतो आणि तो विषारी आहे.

ठेवायची कुठे? पडवीच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचे तुषार येत नाहीत, हवा खेळती आहे आणि मुलांचा हात पोचत नाही अशा ठिकाणी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते हा समज लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातला आहे. आजचं खोकं पॉलिप्रॉपिलीनचं असतं, जमिनीने काही फरक पडत नाही. चार्ज करताना मात्र देवघर आणि स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन सुटतो, तो हलका असल्याने छताखाली साठतो, आणि हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. समईची ज्योत त्याला पुरे. चार्जर जोडणं-काढणंही मेनचा स्विच बंद करूनच.

दोन महिन्यांत एकदा तरी ती पुन्हा भरायला हवी. यासाठी आपल्याकडे तारीख ठरलेलीच आहे. २९ जूनला सांगोड, मासेमारी समाजाचा सण, होड्या एकमेकींना बांधून सजवण्याचा. बंदीचा जवळजवळ मध्यच तो. सणाच्या तयारीत सगळे धक्क्यावर असतात, तेव्हाच व्होल्टेज पाहावं आणि बॅटरी रात्रभर चार्जरला लावावी. कायम जोडून ठेवायचा असेल तर भरल्यावर आपोआप व्होल्टेज उतरवणारा चार्जरच घ्यावा. साधा चार्जर दोन महिने चालू राहिला तर पाणी आटून पट्ट्या उघड्या पडतात. शिवाय पावसात वीज जाते-येते, विजा पडतात. मला स्वतःला महिन्यातून एकदा भरणं हेच अधिक भरवशाचं वाटतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली असेल तर नियम उलटा होतो. हे रसायन १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. त्यात सल्फेट नाही, म्हणून अर्धवट भरलेली राहण्याचं भय नाही. उलट पूर्ण भरून उबेत ठेवली तर ती लवकर झिजते. निम्म्याच्या आसपास भरून तारा काढून ठेवावी, एवढं पुरे. शिशाची सवय असलेला माणूस नेमकं इथेच चुकतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, गर्दी व्हायच्या आत, बॅटरीवर लोड टेस्ट करून घ्यावी. दुकानदार मोठा भार टाकून साधारण १५ सेकंद व्होल्टेज पाहतो. ते ९.६ च्या खाली गेलं, तर ती भरलेली असूनही समुद्रात नेण्यालायक नाही. ट्रॉलरवर २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. त्यांतली एक गेली तर दोन्ही बदलाव्यात, कारण जुनी आणि नवी एकत्र चार्ज होताना एक कायम अपुरी राहते आणि दुसरीवर जास्त ताण येतो. काढलेल्या बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत द्याव्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भंगारातही चांगला भाव मिळतो.