एएनसी आणि ईएनसी : गोंगाट नेमका कोणासाठी बंद होतो?

नवे इअरबड्स घेतलेली दोन माणसं भेटली की चौकशीचा क्रम ठरलेला असतो. बॅटरी किती टिकते, ड्रायव्हर (आतला इवलासा स्पीकर) किती मिलिमीटरचा, आणि नॉइज कॅन्सलेशन आहे का? शेवटच्या प्रश्नाला "आहे ना, खोक्यावरच लिहिलंय" असं उत्तर आलं, तर आणखी एक प्रश्न विचारावा : एएनसी लिहिलंय की ईएनसी?

एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. ते तुमच्या कानांसाठी असतं. ईएनसी म्हणजे एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन. ते कॉलवर पलीकडे बसून तुमचं बोलणं ऐकणाऱ्यासाठी असतं. नुसतं ईएनसी असलेले बड्स घालून बसमध्ये बसलात, तर इंजिनाची घरघर पूर्वीइतकीच ऐकू येणार. उलट एएनसी दमदार पण कॉलचे माइक सुमार असतील, तर तुम्ही शांततेत बोलत राहता आणि समोरच्याच्या कानात मात्र तुमच्या शेजारचं ड्रिल मशीन घुमत असतं. हा प्रकार जास्त वाईट, कारण तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो.

दोन्हींत माइक असतात, दोन्हींत चिप असते. खरा फरक आहे तो हाताशी असलेल्या वेळेचा.

एएनसीची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिच्यासाठी १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. बाहेरून येणाऱ्या ध्वनिलहरीच्या बरोबर उलटी लहर तयार करायची, म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोन्ही विरतात. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात हेडफोनमध्ये यायला बराच काळ गेला. बोस या ऑडिओ कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला तो १९८९ मध्ये.

अडचण अशी, की आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बडच्या बाहेरच्या माइकपासून कानाच्या पडद्यापर्यंतचं अंतर जेमतेम काही सेंटिमीटर. तेवढं अंतर आवाज कापतोय तोवर चिपने तो ऐकायचा, उलटा करायचा आणि स्पीकरमधून सोडायचा. समजा, या सगळ्यात ०.१ मिलिसेकंद उशीर झाला. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या घरघरीची एक लहर १० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तिला एवढ्या उशिराने फारसा फरक पडत नाही. पण ५००० हर्ट्झच्या शिट्टीची लहरच मुळी ०.२ मिलिसेकंदांची. तिथे तेवढ्याच उशिराने उंचवट्यावर उंचवटा पडतो आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून एएनसी वरच्या पट्टीच्या आवाजांच्या वाटेला फारसं जातच नाही. विमानाचं इंजिन, एसी, पंखा यांची एकसुरी घरघर ते झकास मारतं; भांड्यांचा खणखणाट किंवा लहान मुलाचं रडणं पुरतं थोपवणं त्याला जमत नाही.

हे वरच्या पट्टीचे आवाज अडवते ती रबरी टिप. ती घट्ट बसली नाही तर खालच्या पट्टीचा गोंगाटही फटीतून आत शिरतो आणि महागड्या एएनसीची मेहनत वाया जाते. सोबत आलेल्या तिन्ही मापांच्या टिप घालून न बघताच "याचं एएनसी बेकार आहे" म्हणणाऱ्यांचं मत मी तरी मनावर घेत नाही. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यालाही फार भुलू नये. तो बहुधा ज्या कंपनसंख्येला सर्वांत जास्त घट मिळाली तिथला असतो, सगळ्या पट्ट्यांवरचा नव्हे.

ईएनसीला अशी घाई नसते. तुमचा आवाज नेटवर्कवरून पलीकडे पोचायला वेळ लागणारच असतो, त्यात आणखी वीसेक मिलिसेकंद गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेवढ्या अवकाशात चिपला पुष्कळ काही करता येतं. एका बडवर दोन माइक असतील, तर तोंडाजवळच्या माइकला तुमचा आवाज किंचित आधी आणि जरा मोठा मिळतो. त्या फरकावरून तोंडाच्या दिशेचा आवाज उचलायचा आणि बाकीचा दाबायचा. मग उरलेल्यातून बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता, हे सॉफ्टवेअर निवडतं. हल्ली हे काम नमुन्यांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क करतं. काही बड्समध्ये हाडातून येणारी कंपनं टिपणारा सेन्सरही असतो, त्याला वाऱ्याचा त्रास होत नाही. एएनसीला न जमणारा खणखणाट ईएनसीला गाळता येतो, तो या उसंतीमुळे.

किंमत दोघांनाही मोजावी लागते. एएनसी चालू केलं की बॅटरी लवकर उतरते, काहींना कानात दडा बसल्यासारखं वाटतं, शांत खोलीत बारीक सूं ऐकू येते. ईएनसी फार आक्रमक असेल तर तुमचाच आवाज कापला जातो : वाक्याचा पहिला शब्द गायब, आणि उरलेलं यंत्रमानवासारखं.

खोक्यावर "क्वाड माइक" असेल तर ते बहुधा दोन्ही बड्स मिळून चार, म्हणजे एकेकावर दोनच. आणि क्वालकॉम या चिप कंपनीचं सीव्हीसी, म्हणजे क्लिअर व्हॉइस कॅप्चर, दिसलं तर तेही कॉलच्या बाजूचं. कानातल्या शांततेशी त्याचा संबंध नाही.

पारखायच्या पद्धतीही वेगळ्या. एएनसीसाठी पंखा लावा, गाणं बंद ठेवा आणि मोड चालू-बंद करून बघा. फरक लगेच कळतो. ईएनसी तुम्हाला एकट्याला कळणार नाही. रस्त्यावर उभं राहून कोणाला तरी कॉल करा आणि पलीकडे कसं ऐकू येतंय ते विचारा, जमलं तर त्यांना आधीच्या बड्सवरूनही कॉल करून तुलना करायला लावा. फोनच्या रेकॉर्डर ॲपवर मात्र भिस्त ठेवू नका. बड्स जोडलेले असले तरी कित्येकदा ते ॲप फोनचाच माइक वापरतं, आणि मग तुम्ही नव्या बड्सचं म्हणून जे कौतुक करता ते खिशातल्या फोनचं असतं.