मिश्र-वापर संकुल (नाशिक)

मिश्र-वापर संकुल म्हणजे एकाच मोठ्या प्लॉटवर दुकानं, ऑफिसं, फ्लॅट, हॉटेल, कधी मल्टिप्लेक्स किंवा हॉस्पिटल असं सगळं एकत्र बांधलेलं. बिल्डर लोक याला मिक्स्ड-यूज म्हणतात. साधारण मांडणी अशी की खालचे दोन मजले दुकानांचे, त्यावर ऑफिसं, मागच्या टॉवरमध्ये फ्लॅट आणि पोटात एक-दोन बेसमेंट पार्किंगची. खाली दुकान वर घर अशा बिल्डिंगा नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत, पण संकुल वेगळं पडतं ते आकारामुळे. शेकडो कुटुंबं आणि तेवढेच कामाला येणारे लोक एकाच गेटमधून ये-जा करतात, एकाच ड्रेनेज लाइनला जोडलेले असतात, त्यामुळे त्याचं बरंवाईट अख्ख्या चौकाला लागतं.

बिल्डरला हे का परवडतं ते आधी समजून घ्यायला पाहिजे. फ्लॅटचं बुकिंग आधी होतं, त्या पैशातून बांधकाम पुढे सरकतं. दुकानं नंतर चढ्या भावाने विकता येतात किंवा भाड्याने देता येतात, म्हणजे एका बाजूला मंदी आली तर दुसरी बाजू थोडंफार सांभाळते. आणि मोठ्या रस्त्यावरच्या महागड्या जागेत तळमजल्याला कोणी राहायला तयार नसतं, तिथे दुकानंच चालतात.

जुन्या गावातला मिश्र वापर

ही पद्धत नाशिकला नवी नाही. मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा या गावठाण भागात वाडा असाच होता, रस्त्याकडे दुकान किंवा पेढी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर, वर माडी, एखाद-दोन खोल्यांत भाडेकरू. भांड्यांच्या धंद्यात तर घडवणं, विकणं आणि राहणं हाकेच्या अंतरावर असायचं. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुकानाचा उंबरा थेट रस्त्यावर. संध्याकाळी दुकानाचा दिवा रस्त्यावर पडायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर कोणाचं तरी लक्ष असायचं, त्यासाठी वेगळा वॉचमन लागत नव्हता.

आता यातले बरेच वाडे मोडकळीला आलेत, भाडेकरू आणि मालक यांचे वाद वर्षानुवर्षं चाललेत, पावसाळा आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तिथे मोठं काही बांधायचं तर लहान-लहान प्लॉट एकत्र आले पाहिजेत, म्हणजे क्लस्टर, आणि एकेका वाड्याला दहा-दहा वारस असले की ते किती अवघड आहे हे गावातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून नाशिकचं मोठं बांधकाम खऱ्या मध्यभागात झालंच नाही, ते शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका असं बाहेर सरकत गेलं.

शहर कसं वाढलं

सातपूर आणि नंतर अंबडची एमआयडीसी, सत्तरच्या दशकापासूनच्या सिडकोच्या घरांच्या योजना, ओझरला विमानं बनवणारी एचएएल, नाशिकरोडला नोटा छापणारी प्रेस, यांच्यामुळे कामधंद्याची ठिकाणं एकमेकांपासून लांब पडली आणि वस्ती मधल्या जागा भरत गेली. नाशिक, नाशिकरोड, सातपूर आणि आजूबाजूची खेडी मिळून १९८२ मध्ये महापालिका झाली, क्षेत्र साधारण २५९ चौरस किलोमीटर. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या १०.७७ लाख होती, २०११ मध्ये १४.८६ लाख, त्यानंतर जनगणना झालेली नाही पण आडगाव, पाथर्डी फाटा, मखमलाबादकडे चक्कर मारली तरी वाढ डोळ्यांना दिसते.

मोठ्या मिश्र वापराची लोकांच्या तोंडी असलेली उदाहरणं म्हणजे नवीन सीबीएसचा ठक्कर बाजार, जिथे एसटी स्टँड आणि व्यापारी संकुल एकत्र आहे, आणि उंटवाडीचा सिटी सेंटर मॉल, ज्याच्यामुळे खरेदीचा एक मोठा गट शालिमार-मेन रोड सोडून तिकडे वळला. यातला ठक्कर बाजार मला जास्त शिकण्यासारखा वाटतो, कारण तिथे गाडी नसलेला माणूसही गिऱ्हाईक आहे, बसमधून उतरला की दोन पावलांवर दुकान.

नियम

नाशिकचा सध्याचा विकास आराखडा २०१७ चा. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. तिच्यात किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीबाहेर महापालिका हद्दीत मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) १.१, त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा विकत मिळणारा बांधकामाचा हक्क, घेतला की ९ मीटरच्या रस्त्यावर २ पर्यंत आणि ३० मीटर किंवा जास्त रुंद रस्त्यावर ३ पर्यंत जाता येतं, शिवाय त्याच्यावर अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचं जादा बांधकाम, घरांना ६० टक्के आणि बाकी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. रुंद रस्ता म्हणजे जास्त गर्दी झेपेल हा त्यामागचा विचार. विचार बरोबर आहे, पण कागदावर ३० मीटर असलेला रस्ता प्रत्यक्षात किती मोकळा आहे हे नियम बघत नाही, दोन्हीकडे लावलेल्या गाड्या, हातगाड्या, विजेचे डीपी बॉक्स, मध्येच अर्धवट राहिलेलं रुंदीकरण, हे सगळं वजा केल्यावर उरतो तो खरा रस्ता. एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याच्या वर गेलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते.

पार्किंग

परिणामांमध्ये सगळ्यात आधी जाणवतं ते हेच. खरं म्हणजे मिश्र वापराचा सगळ्यात मोठा फायदा इथेच व्हायला पाहिजे. फ्लॅटवाल्यांच्या गाड्या सकाळी नऊ-साडेनऊला बाहेर पडतात, ऑफिसवाल्यांच्या दहाला येतात, सहा-सातला त्या गेल्या की हॉटेल आणि सिनेमाची गर्दी सुरू होते, म्हणजे एकच जागा दिवसातून तीनदा वापरता येते आणि बेसमेंट कमी खोदावं लागतं. पण आपल्याकडे प्रत्येक फ्लॅटचं पार्किंग नंबर टाकून दिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी साखळी लावून कुलूप. दिवसभर ती जागा रिकामी आणि बाहेर दुकानाला आलेल्या माणसाची अ‍ॅक्टिव्हा फुटपाथवर. बेसमेंटचा रॅम्प अरुंद, खाली अंधार, पाच मिनिटांच्या कामासाठी कोण उतरणार? त्यात बेसमेंटमध्ये गोडाऊन किंवा दुकान थाटलं तर उरलीसुरली जागाही जाते. चालणाऱ्या माणसाला मग रस्त्यावर उतरावंच लागतं, कॉलेज रोडला संध्याकाळी लहान मूल घेऊन चालून बघितलं की हे लगेच कळतं.

मुंबईचं लोअर परळ हा याचा दुःखद धडा आहे. गिरण्यांच्या जमिनीवर ऑफिसं, मॉल, टॉवर उभे राहिले, रोज येणारे लोक कित्येक पटीने वाढले आणि स्टेशनचे जिने-पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. प्रत्येक इमारत आपापल्या परीने नियमात असेल, पण कंपाउंडच्या बाहेरच्या वाटेचा हिशोब कोणीच केला नव्हता.

पाणी

मोठा प्लॉट कडेपासून कडेपर्यंत काँक्रीट झाला की पावसाचं पाणी मुरायला जागा उरत नाही, ते गेटमधून रस्त्यावर येतं. नाशिकमध्ये हे जास्त जपून करायला हवं कारण शहराचा उतार गोदावरी आणि नासर्डीकडे आहे आणि जुन्या गावात सरस्वती नाला रस्त्याखाली गेलाय, जोराचा पाऊस झाला की दहीपूल, सराफ बाजारात दुकानांत पाणी शिरतं. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, तिच्या आत बांधकामावर बंधनं आहेत, पण वरच्या बाजूच्या संकुलांनी सोडलेलं पाणी शेवटी खालीच येतं आणि ते भोगतो खालचा दुकानदार. ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, मात्र खड्डा खोदला आणि वर टाइल बसवली की तीन-चार वर्षांत तो गाळाने बुजतो, साफ कोणी करायचा हे ठरलेलं नसतं.

आतले वाद

रोजची भांडणं इथेच होतात. खालच्या हॉटेलच्या चिमणीचा पाइप वरच्या बेडरूमच्या खिडकीशेजारून जातो, फोडणीचा वास आणि ब्लोअरचा आवाज रात्री अकरापर्यंत. तेलकट पाण्याने ड्रेनेजचं चेंबर तुंबतं आणि ते सोसायटीच्या गेटपाशी उफाळतं. दुकानदार म्हणतो मी लिफ्ट वापरत नाही तर मेंटेनन्स कशाला, फ्लॅटवाला म्हणतो गिऱ्हाईक माझ्या गेटमध्ये गाडी लावतं. प्लॅन काढतानाच हॉटेलच्या धुरासाठी वेगळी शाफ्ट, तेल अडवायला ग्रीस ट्रॅप, दुकानांचं वेगळं गेट आणि वेगळं मीटर ठेवलं तर यातलं निम्मं होतच नाही. घर घेणाऱ्यांनी ब्रोशरमधला स्विमिंग पूल बघण्याआधी खाली हॉटेलला परवानगी आहे का आणि धूर कुठून जाणार हे विचारावं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

बाजारपेठ आणि गावठाण

मॉल आला की जुना बाजार मरतो असं म्हणतात, नाशिकमध्ये तसं सरसकट झालेलं नाही. लग्नाचा बस्ता, सोनं, भांडी, पूजेचं साहित्य यासाठी लोक अजून गावातच जातात. फटका बसलाय तो रेडिमेड कपडे, चपला, खेळणी विकणाऱ्यांना, आणि त्यात रस्ते खोदलेले असले की जास्तच. स्मार्ट सिटीत २०१६ मध्ये निवड झाल्यावर त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड हाती घेतला, काम खूप रेंगाळलं आणि तेवढा काळ त्या पट्ट्यातल्या दुकानदारांनी सोसला. दुसरीकडे नव्या संकुलांमुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेरही नोकऱ्या तयार झाल्या, बँका, क्लासेस, दवाखाने, छोटी आयटी ऑफिसं, आणि मुलींना संध्याकाळी उशिरा काम करून घरी जायला उजेड असलेला रस्ता मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

वाहतूक आणि पुढचं

दाट बांधकाम टिकायला बस लागते. महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षीच्या केंद्रीय बजेटमध्ये मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) २,०९२ कोटींची घोषणा झाली, पण प्रत्यक्षात लोकांच्या हाताशी आली ती बसच. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालीत, तेव्हा मोठ्या संकुलासमोर बससाठी थांबायची जागा संकुलाच्याच प्लॉटमधून सोडून घेता येईल, नवीन प्लॅन मंजूर करताना तशी अट घालणं अवघड नाही.

मोठ्या संकुलासाठी जमीन कशी गोळा करायची याचं एक उदाहरण पुण्याजवळ आहे, हडपसरच्या शेतकऱ्यांनी साधारण ४०० एकर एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली आणि मालकीत वाटा स्वतःकडे ठेवला. नाशिकमध्ये मखमलाबाद-हनुमानवाडी भागात स्मार्ट सिटीतून नगररचना योजना, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्याने प्लॉट पाडायची योजना, आणायचं ठरलं तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी विरोध केला. नकाशा सरकारी ऑफिसात तयार होऊन आला की शेतकरी आधी आपली विहीर आणि द्राक्षबाग कुठे गेली ते शोधतो, मगरपट्ट्यात तो सुरुवातीपासून भागीदार होता.