समुद्रावर 'तरंगणारं' तळं: फोटो खरा, समजूत खोटी

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या सोर्वाग्सवातन तळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. उंच कड्याच्या माथ्यावर पसरलेलं तळं आणि शेकडो फूट खाली दिसणारा अटलांटिक महासागर. सोबत ओळ ठरलेली: 'हे तळं समुद्रावर अधांतरी लटकलेलं आहे!'

फोटो बनावट नाही. पण तळ्याची पातळी समुद्रापासून जेमतेम 30 मीटर उंच आहे, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढी.

मग ते इतकं उंच का दिसतं? सगळी करामत उभं राहण्याच्या जागेची. हे फोटो त्रेलानिपान नावाच्या कड्याच्या बाजूने काढतात. हा कडा समुद्रातून सुमारे 142 मीटर सरळ वर उठतो. फोटोत पुढे हा उंच कडा येतो आणि मागे तळं. कड्याची जमीन तळ्याकडे उतरत जाते, पण नेमका तो उतार या कोनातून लपतो. त्यामुळे तळं कड्याच्या माथ्याशी समपातळीत आहे असं डोळे धरून चालतात. एरियल फोटो पाहिला की भ्रम तिथेच संपतो.

खरं तर पुरावा तळ्याच्या टोकालाच आहे. तिथलं पाणी बोस्दालाफोसुर धबधब्यातून थेट समुद्रात पडतं, आणि त्या धबधब्याची उंची आहे सुमारे 30 मीटर! व्हायरल फोटोंत तो बहुधा नसतोच.

बाकी, सुमारे 3.4 चौरस किलोमीटरचं हे तळं फेरो बेटांवरचं सर्वांत मोठं. त्याच्या नावावरूनही गावांत वाद आहे. जवळच्या मिद्वागुर गावचे लोक त्याला सोर्वाग्सवातन न म्हणता लाइतिसवातन म्हणतात.