रो-५२ म्हणजे रो-६० नव्हे

डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि एएनए प्रोफाइलच्या (स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) रिपोर्टात रो-५२ या अँटीबॉडीसमोर तीन अधिक चिन्हं. म्हणजे शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) पक्का. हे गणित इतक्या वेळा वाचलंय की आता वैताग येतो. रो-५२ वर एवढा भार टाकता येत नाही.

एएनए म्हणजे काय, ते पॉझिटिव्ह आलं म्हणून आजार सिद्ध होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. उलट बाजू मात्र विसरली जाते. ही तपासणी ज्या पेशींवर करतात त्यांत रो प्रथिनं कमी असतात, त्यामुळे रक्तात रो-अँटीबॉडी असूनही एएनए निगेटिव्ह येऊ शकतं. एसएसए म्हणजेच रो आणि एसएसबी म्हणजेच ला, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे शोध लागल्याने दोन-दोन नावं पडली, एवढंच. एसएसबी एकटी पॉझिटिव्ह असेल तर शोग्रेनच्या २०१६ च्या वर्गीकरण निकषांत तिला शून्य गुण आहेत. तिच्यासाठी झोप उडवू नये.

खरी गफलत एसएसएच्या पोटात आहे. १९८८ मध्ये ५२ किलोडाल्टन वजनाचं प्रथिन सापडलं, तेव्हा ते आधी माहीत असलेल्या ६० किलोडाल्टनच्या रो कणाचाच भाग समजलं गेलं. तो समज पुढे टिकला नाही, आडनाव मात्र चिकटलं. रो-६० चं जनुक पहिल्या गुणसूत्रावर, रो-५२ चं अकराव्यावर. रो-६० हे वाय-आरएनए नावाच्या छोट्या रेणूंना धरून राहतं आणि बिघडलेल्या आरएनएची विल्हेवाट लावण्यात त्याचा हात असल्याचं मानतात. रो-५२, म्हणजे ट्रिम-२१, मुख्यतः पेशीद्रवात असतं. अँटीबॉडी चिकटलेला विषाणू पेशीत शिरला की ते त्या अँटीबॉडीची शेपटी पकडतं आणि सगळ्याचीच मोडतोड करायला लावतं. एक आडनाव असलेले, पण एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले दोन शेजारी म्हणा.

हा फरक पुस्तकी नाही. शोग्रेनमध्ये बहुधा दोन्ही अँटीबॉडी जोडीने दिसतात, आणि ती जोडी हीच बोलकी खूण. रो-६० एकटी असेल तर ल्युपसचाही (अनेक अवयवांवर उलटणारा स्वप्रतिकार आजार) विचार करावा लागतो. रो-५२ एकटी असेल तर दार फारच रुंद उघडतं: स्नायूंचा दाह (तिथे जो-१ अँटीबॉडीच्या जोडीने ती अनेकदा येते), स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा आजार), यकृताचे स्वप्रतिकार आजार, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फुप्फुसांतला इंटरस्टिशियल आजार (फुप्फुसांच्या ऊतींचा दाह आणि व्रण). त्यामुळे एकट्या रो-५२ वाल्याला मी आधी विचारीन, जिना चढताना धाप लागते का, कोरडा खोकला आहे का, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहतो का. डोळ्यांचं नंतर बघू.

म्हणून दोन्ही प्रतिजनं (ज्यांच्याविरुद्ध या अँटीबॉडी बनतात ती प्रथिनं) एकाच किटमध्ये मिसळून नुसतं ‘एसएसए पॉझिटिव्ह’ छापणारे रिपोर्ट मला मुळीच आवडत नाहीत. दोन्ही आकडे वेगळे मागून घ्यावेत. निकषही या बाबतीत मदत करत नाहीत: ते ५२ आणि ६० वेगळे धरत नाहीत, एसएसएला सरसकट ३ गुण देतात. पण लागतात ४. उरलेला गुण शिर्मर चाचणीत (पापणीखाली कागदी पट्टी ठेवून अश्रू मोजतात ती) ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अश्रू, किंवा मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ, अशा मोजलेल्या गोष्टीतूनच यावा लागतो. ‘कोरडं वाटतं’ याला गुण नाहीत. रो निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करणंही तितकंच चूक; तिथे ओठाच्या आतल्या लाळग्रंथींची बायोप्सी निर्णय देते, तिलाही ३ गुण आहेत.

आणि ती अधिक चिन्हं! तीनची दोन झाली म्हणून पेढे वाटू नका. रो-अँटीबॉडीची पातळी आजाराच्या जोराबरोबर वरखाली होत नाही, दर काही महिन्यांनी ती तपासणी पुन्हा करणं म्हणजे पैसे पाण्यात. लक्ष ठेवायचंच तर सी-३, सी-४ (रक्तातली प्रतिकार-प्रथिनं) आणि क्रायोग्लोब्युलिनवर (थंडीत साकळणारी प्रथिनं) ठेवा. सी-४ घसरलेलं असेल तर लिम्फोमाचा (लसिका पेशींचा कर्करोग) धोका वाढलेला असतो.

गरोदरपणात मात्र मी हा भेद बाजूला ठेवतो. ५२ असो वा ६०, आईच्या या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि सुमारे १ ते २ टक्के गर्भांत हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग अडतो (हार्ट ब्लॉक). आधीच्या बाळाला तसं झालं असेल तर धोका १५ टक्क्यांच्या वर जातो. अशा वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाबद्दल डॉक्टरांशी गर्भधारणेआधीच बोलावं, कारण ठोक्यांची अडचण साधारण १८ ते २४ आठवड्यांत दिसते आणि पूर्ण झालेला ब्लॉक औषधाने मागे फिरत नाही.