तमिळ चित्रपटांतील प्रेमचित्रण

तमिळ चित्रपटांतील स्त्री-पुरुष प्रेमाची मांडणी, तिचे संकेत आणि त्यांत होत गेलेले बदल. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ (१९३१) मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला.

या प्रेमचित्रणाच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ संघम या प्राचीन तमिळ साहित्यातील ‘अगम्’ म्हणजे प्रेमकाव्यात आहे. या साहित्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. ३०० ते इ. स. ३०० असा धरतात. काही अभ्यासक तो आणखी अलीकडे आणतात. अगम् काव्यात डोंगराळ कुरिंजीत मीलन, मुल्लैच्या रानात प्रतीक्षा, मरुदमच्या शेतशिवारात रुसवा, नेय्दलच्या सागरकाठी व्याकुळता आणि रखरखीत पालैत ताटातूट अशी प्रेमावस्था व भूप्रदेश यांची सांगड आहे. चित्रपटातील युगुलगीतांचे निसर्गाशी असलेले नाते येथूनच आले, असे हे मत सांगते. मात्र अगम् संग्रह छापून वाचकांच्या हाती पडू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. उलट आरंभीच्या बोलपटांनी कथा, पदे आणि नट कंपनी नाटकांतून घेतले, हे चित्रपट-इतिहासकार थिओडोर भास्करन यांनी दाखवून दिले आहे. शंकरदास स्वामिगळ (१८६७–१९२२) यांच्या नाटकांमुळे घरोघरी पोचलेल्या वळ्ळी व मुरुगन (कार्तिकेय) देव यांच्या प्रेमकथेवर १९३३ मध्ये बोलपटही निघाला. राळ्याच्या शेतात उंच माळ्यावरून पाखरे हाकणारी वळ्ळी आणि वेषांतर करून तिची मनधरणी करणारा मुरुगन हा प्रसंग कुरिंजी कवितांतील राखणदार मुलीची आठवण करून देतो. तेव्हा अगम् परंपरा चित्रपटात आली ती ग्रंथांतून नव्हे, तर रंगभूमीच्या वाटेने, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

‘अंबिकापती’ने (१९३७) कवी आणि राजकन्येची शोकांतिका लोकप्रिय केली. दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कल्याण परिसु’पासून (१९५९) मध्यमवर्गीय घर व प्रेमत्रिकोण यांना महत्त्व आले, अभिनेते जेमिनी गणेशन ‘कादल मन्नन’ (प्रेमाचा राजा) म्हणून ओळखले जाऊ लागले. दिग्दर्शक भारतीराजा यांनी १९७७ पासून प्रेमकथा खऱ्याखुऱ्या खेड्यात नेली.

‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरण-काव्यशास्त्राच्या ग्रंथाने एकतर्फी प्रेमाला, म्हणजे कैक्किळैला, पाच तिणैंच्या (वर सांगितलेल्या भूप्रदेशांशी जोडलेल्या प्रेमावस्थांच्या) बाहेर ठेवले होते. चित्रपटाने नेमके तेच केंद्रस्थानी आणले. ‘ओरु तलै रागम’ (१९८०) आणि ‘इदयम’मध्ये (१९९१) प्रेम मनातच राहते, पुढच्या अनेक चित्रपटांत नायक नायिकेचा पिच्छा पुरवतो आणि तिचा नकार हा होकाराचाच पूर्वार्ध ठरतो. हे चित्रण घातक आहे. २०१६ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम रेल्वे स्थानकावर एका तरुणीची हत्या झाल्यावर त्यावर जाहीर टीका झाली.

जातीच्या भिंतीवर आदळणारे प्रेम बालाजी शक्तिवेल यांच्या ‘कादल’ (२००४) आणि मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये (२०१८) परिणामकारकपणे आले आहे. पा. रंजित यांच्या ‘नक्षत्तिरम नगर्गिरदु’मध्ये (२०२२) आंतरजातीय प्रेमाबरोबर समलिंगी जोडप्यांनाही स्थान मिळाले.