मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधील भूपृष्ठावरील लघुतम अंतर सुमारे १२,५३० किमी. (सुमारे ६,७७० सागरी मैल) आहे. पृथ्वी ६,३७१ किमी. त्रिज्येचा गोल मानून हा आकडा निघतो. ध्रुवांकडील चपटेपणा धरल्यास तो किंचित बदलतो, म्हणून निरनिराळ्या कोष्टकांतील आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

हे अंतर बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर उमटणाऱ्या वर्तुळाच्या) कंसावर मोजतात. त्यासाठीच्या, नाविकांच्या प्रचलित सूत्रातील ‘हॅव्हरसाइन’ (एक त्रिकोणमितीय राशी) ही संज्ञा १८३५ मध्ये जेम्स इनमन यांनी रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. या राशीचे इंग्रजीतील पहिले कोष्टक जेम्स अँड्र्यू यांचे (१८०५) असले, तरी होसे दे मेंदोसा इ रिओस यांनी १८०१ मध्येच ही राशी वापरल्याचे गणितेतिहासकार कॅजोरी यांचे मत आहे व ते अधिक ग्राह्य वाटते. ही राशी म्हणजे उत्क्रमज्येचा (१ वजा कोनाची कोज्या) निम्मा भाग होय. उत्क्रमज्येची मूल्ये सूर्यसिद्धांतात (बहुधा इ. स. चौथे–पाचवे शतक, उपलब्ध संहिता त्यानंतरची असावी) दिलेली आहेत, मात्र त्यावरून युरोपीय सूत्राचा उगम थेट भारतीय ग्रंथांत शोधणे धाडसाचे ठरेल.

सपाट नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, ईजिप्त व मोरोक्कोवरून जाते. होकायंत्राची एकच दिशा धरणारा हा मार्ग सुमारे १४,२०० किमी. भरतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास मात्र तो मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो, दक्षिण फिनलंडवरून आइसलँडजवळ सुमारे ६५° उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो.

प्रत्यक्ष उड्डाण या कंसाला चिकटून राहत नाही. पाकिस्तानचे हवाई क्षेत्र २०१९ मध्ये काही महिने आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा भारतीय विमानांना बंद झाले. २०२२ पासून रशियाचे क्षेत्र अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. अशा वळशांमुळे अंतर व इंधन दोन्ही वाढतात. त्यात मध्य अक्षांशांवरील पश्चिमी झोतवाऱ्यांची (पश्चिमेकडून पूर्वेकडे उंचावर वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांची) भर पडते; ते जाताना समोरून, तर परतताना पाठीमागून येतात. त्यामुळे थांब्याविना जाताना साधारण १६ तास, तर परतताना साधारण १४ ते १५ तास लागतात. हिवाळ्यात झोतवारे प्रबळ असल्याने हा फरक अधिक जाणवतो.

एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्क सेवा सुरू केली. मुंबईहून तिची थेट सेवा ऑगस्ट २००७ ची.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क भारताच्या हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असल्याने, मुंबईहून जानेवारीत रात्री १ वाजता निघून १६ तास उडालेले विमान त्याच तारखेला सकाळी ६.३० वाजता उतरते, आणि त्या क्षणी मुंबईत संध्याकाळचे ५ वाजलेले असतात.