बिनविरोध म्हणजे एकोपा नव्हे

ग्रामपंचायत निवडणुका लागल्या की एक समजूत हमखास फिरते: बिनविरोध झालेलं गाव एकोप्याचं आणि जिथे मतदान झालं ते गाव भांडखोर. काही आमदार तर बिनविरोध गावांना लाखोंचा निधीही जाहीर करतात.

ही समजूत चुकीची आहे. अर्ज मागे घेतले गेले, एवढंच त्यातून कळतं. मतभेद मिटले की दडपले, ते कळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात पदांसाठी बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांवर. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. पैसा देवळाच्या कामाला जाणार, मग बिघडलं काय, असं म्हणणारे तेव्हाही होते. बिघडलं हेच, की ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याचा उभं राहण्याचा हक्कच बोलीत गेला.

सगळीच बिनविरोध गावं अशी नसतात. गावाने उघड चर्चा करून एकमताने माणसं निवडली, तर उत्तमच. पण विरोधी सदस्य असला की मासिक सभेत कोणीतरी विचारतं: गटाराचं बिल निघालं, गटार कुठंय? वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा प्रश्न कोणताही मतदार विचारू शकतो, आणि तो विचारणारा गावाचा वैरी नसतो.